मुंबई ते लंडन : दोरा आणि घड्याळ

आज येताना आम्ही शाळेतून पृथ्वीचा एक गोल मागून आणला आहे आणि घरातून शिवणाचा थोडा दोरा. इतिहासाच्या व्याख्यानाला ही साधने जरा विचित्र वाटतील. परंतु त्यांच्यावाचून आजचा विषय नीट समजणार नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती इराणचा किनारा, बगदादचा परिसर, तुर्कस्तान अशी जाते. हाच मार्ग सरळ, असे आपल्याला वाटते. पण पृथ्वी सपाट नाही. गोलावर दोन्ही शहरांवर बोटे ठेवून दोरा ताणून धरा. तो एकदम उत्तरेकडे सरकतो. प्रथम जवळजवळ थेट कराचीवरून जातो, मग इराणचा पूर्व भाग ओलांडून तेहरानच्या पूर्वेकडून कास्पियन समुद्राचा कोपरा कापतो. दोऱ्याचा बरोबर मध्य कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात, तिबिलिसी शहराच्या थोडा दक्षिणेस पडतो. पुढे क्रिमिया, पश्चिम युक्रेन, जर्मनी आणि मग लंडन. हे सारे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,५०० मैल भरते. याहून जवळचा रस्ता पृथ्वीच्या पाठीवर नाही.

हा आकडा शिवकालात तोच होता, पेशवाईत तोच होता आणि आजही तोच आहे. वेळ मात्र अनेकदा बदलली. आपल्या जुन्या लोकांना हे नवीन नव्हते. जवळचे अंतर हाकेचे आणि लांबचे कोसांचे. पण देशावरचा कोस आणि घाटातला कोस सारखा नसतो, हे पायी चालणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नसे. मुंबई ते लंडन या वाटेवरही असेच घाट होते. ते दगडाचे थोडे आणि माणसांनी उभे केलेले अधिक. विमानांचा इतिहास सांगताना सामान्यतः यंत्रांचे कौतुक होते : यंत्र सुधारले, वेग वाढला, वेळ घटली. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग थांब्यांचा आणि परवानग्यांचा आहे, आणि आज आम्ही त्याच्याकडे अधिक लक्ष देणार आहो.

आधी थोडे समुद्राकडे पाहू. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर पडते, म्हणजे आपल्या दोऱ्याच्या पावणेतीन पट. शिडाच्या जहाजांना त्याला पाच-सहा महिने लागत. मग वाफ आली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून ३३ दिवसांनी सुवेझला पोहोचली. या ३३ दिवसांपैकी सुमारे १२ दिवस कोळसा भरण्यात गेले! बोट चालत होती तेव्हा चांगली चालत होती. ती थांबली तिथे वेळ गेला. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे विमानांच्या काळात ती पुनःपुन्हा भेटणार आहे.

वेळ म्हणजे केवळ प्रवाशाची गैरसोय नव्हे, हे साताऱ्याच्या लोकांना तरी सांगण्याची गरज नाही. प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ साली पदच्युत केल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. त्या काळी पत्र एका बाजूने पोहोचायला महिन्याहून अधिक काळ लागे आणि उत्तर यायला तितकाच. इकडे १८४७ साली महाराज काशीला निवर्तले, १८४८ साली सातारा खालसा झाला, आणि या बातम्या लंडनमधल्या वकिलाच्या हाती पडेपर्यंत त्या जुन्या झालेल्या असत. ज्याच्या हाती टपाल त्याच्या हाती राज्य, असे म्हणण्यासारखीच ती स्थिती होती. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, समुद्रमार्ग ११,६०० किलोमीटरवर आला आणि टपाल दोन-अडीच आठवड्यांत पोहोचू लागले. तेथून पुढे पन्नास-साठ वर्षे त्यात मोठा फरक पडला नाही.

आता आकाशात जाऊ. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत प्रवासी आणि टपाल नेणारी विमानसेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. ती मुंबईपर्यंत नव्हती, कराचीपर्यंत होती. तिचे वर्णन ऐकण्यासारखे आहे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून निघून प्रवासी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे उतरत. तेथे विमान सोडून ते आगगाडीत बसत आणि रात्रीतून आल्प्स पार करून इटलीतल्या जिनोआ बंदरात येत. जिनोआहून उडत्या बोटीने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, रोम, नेपल्स, अथेन्स, तोब्रुक असे थांबत अलेक्झांड्रिया. तेथून पुन्हा जमिनीवरचे विमान : गाझा, रुत्बा, बगदाद, बसरा, बुशहर, जास्क, ग्वादर आणि अखेर कराची. अंतर सुमारे ५,००० मैल, वेळ सात दिवस, भाडे १३० पौंड. मुंबईच्या माणसाला कराचीला उतरल्यावर पुढचा मार्ग आगगाडीचा नाही तर बोटीचा.

सात दिवसांतले फार थोडे तास हवेत जात. रात्री विमाने उडत नसत. संध्याकाळ झाली की जिथे असतील तिथे मुक्काम. सीरियाच्या वाळवंटात दिशा चुकू नये म्हणून जमिनीवर मोटारींच्या चाकोऱ्या आणि नांगराने पाडलेले तास यांच्या खुणा केलेल्या होत्या. १९२१ पासून कैरो–बगदाद टपाल नेणारे लष्करी वैमानिक त्यांच्याच आधारे उडत. शेतकऱ्याचा नांगर आकाशातल्या वाटेसाठी जुंपला गेला, ही कल्पना आम्हांला मोठी गोड वाटते. त्या ओसाडीत रुत्बा येथे विहिरींजवळ किल्ल्यासारखी एक इमारत बांधली होती. प्रवासी तिथे जेवत आणि झोपत.

पण खरा घाट पुढे होता, तो इराणचा. विमाने कैरोहून बसऱ्यापर्यंत १९२७ सालीच जाऊ लागली होती. तेथून इराणच्या किनाऱ्याने कराचीला जाणे हे काही दिवसांचे काम होते. परंतु इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून उडण्यास मनाई केली. विमान तयार, वैमानिक तयार, पेट्रोल तयार. आणि तरी दोन वर्षे सारे बसऱ्यालाच अडकून राहिले. १९२९ साली परवानगी मिळाली ती थोड्या मुदतीची. १९३२ साली मुदत सरताच विमानांनी किनारा बदलला आणि ती आखाताच्या अरबी बाजूने, बहरीन आणि शारजा येथे उतरू लागली. शारजाच्या शेखाशी करार करून तेथे वाळूत एक लहानसा किल्ला बांधण्यात आला. एका राजाने नकार दिला म्हणून दुसऱ्याच्या वाळूत विमानतळ झाला. आज त्या किनाऱ्यावर दुबईसारखे जगातले एक मोठे विमानतळ आहे. त्याच्या पूर्वेतिहासात या नकाराचा थोडा वाटा आहे असे आमचे मत आहे.

येथे मुंबईकरांना थोडे बोचेल असे एक सत्य सांगितले पाहिजे. समुद्रमार्गात मुंबई हे हिंदुस्थानचे महाद्वार होते. हवाई मार्गात तो मान कराचीने घेतला. मघाशी आपण दोरा ताणला तो कराचीवरूनच गेला, तेव्हा यात भूगोलाचाही हात आहे. कराचीचे महत्त्व इतके मानले गेले की इंग्रज सरकारने तेथे प्रचंड हवाई जहाजासाठी डोलकाठी आणि एक अवाढव्य शेड उभी केली. ते हवाई जहाज म्हणजे ‘आर १०१’. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते कराचीसाठी निघाले आणि त्याच रात्री, ५ तारखेच्या पहाटे, फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळाले. ५४ जणांपैकी ४८ गेले. कराचीची शेड रिकामीच राहिली आणि तीस वर्षांनी पाडण्यात आली.

त्याच १९३० साली आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. अॅस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला होता आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून. दोघांची गाठ इजिप्तमधल्या अबुकीर येथे पडली. अॅस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ इंजिनाचे जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. पुढे अॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. हाच मुलगा १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला हात देणारे टाटा आम्हांला बक्षीस मिळवणाऱ्या टाटांपेक्षा अधिक आवडतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहायचे ते हे की शर्यतीचा निकाल वेगाने लावला नाही, एका थांब्यावरच्या चार लहान वस्तूंनी लावला.

मुंबई या साखळीला जोडली गेली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. लंडनहून आलेले टपाल घेऊन टाटा सकाळी ६.३५ ला कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानाने निघाले आणि दुपारी १.५० ला जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरले. ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आणलेले होते! जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची सपाट, चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा ही विमाने पुण्याला हलवावी लागत. मृगाचा पाऊस हाही या मार्गावरचा एक अधिकारी होता, आणि त्याचा परवाना कोणाला विकत घेता येत नसे.

तिसाव्या दशकात थांबे कमी झाले, उडत्या बोटी मोठ्या झाल्या, वेळ घटत गेली. मग महायुद्ध आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरचे आकाश बंद झाले. त्या वेळी काय घडले? इंग्लंडचे टपाल आगबोटीत भरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून दर्बानला नेऊ लागले आणि तेथून उडत्या बोटी ते कैरोमार्गे कराचीकडे आणू लागल्या. विमाने पूर्वीपेक्षा चांगली होती, वैमानिक अनुभवी होते. तरी पत्र पुन्हा वास्को-द-गामाच्या वाटेला लागले. आमच्या म्हणण्याला याहून स्पष्ट दाखला दुसरा नाही.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, भारतीय कंपनीचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्याचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’. चार इंजिनांचे, कॉन्स्टेलेशन जातीचे हे विमान ३५ प्रवाशांना घेऊन कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे करीत १० जूनला लंडनला पोहोचले. एका बाजूचे भाडे १,७२० रुपये होते; प्राथमिक शाळेतल्या मास्तरांचा वर्षाचा पगार त्यात सहज बुडाला असता. १९२९ सालचे सात दिवस आता जेमतेम दीड दिवसावर आले. कैरो-जिनिव्हा या वाटेने अंतर सुमारे ७,९०० किलोमीटर होते, म्हणजे दोऱ्यापेक्षा ७०० किलोमीटर जास्त. दोऱ्याचा मधला भाग सोव्हिएत मुलखात होता आणि तो परक्या विमानांना सहजासहजी मोकळा नव्हता.

जिनिव्हाचा थांबा कागदावर निरुपद्रवी दिसतो. पण तिकडे उतरायला आल्प्सवरून जावे लागते, आणि तेथे माँ ब्लाँ हे पश्चिम युरोपातले सर्वांत उंच शिखर आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असलेले तेच ‘मलबार प्रिन्सेस’ ढगांत माँ ब्लाँवर आदळले. ४८ माणसे होती. एकही वाचले नाही. प्रवाशांत बहुतेक हिंदी खलाशी होते. इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. ज्यांचे सारे आयुष्य समुद्रावर गेले त्यांना वेळ वाचावा म्हणून विमानाने पाठवले होते. त्यांना शोधायला बर्फातून चढून गेलेल्या तुकडीतला शामोनीचा वाटाड्या रने पायो हाही त्या कामात हिमकड्यातल्या भेगेत पडून मरण पावला.

यानंतर जेट विमाने आली. भारताने १९६० साली बोइंग ७०७ हे विमान या मार्गावर घातले. ताशी तीनशे मैलांच्या ठिकाणी साडेपाचशेचा वेग मिळाला. वेळ निम्म्यावर आली. थांबे मात्र होतेच. २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी असेच एक विमान, ‘कांचनजंगा’, मुंबईहून दिल्ली, बैरूट करीत जिनिव्हाकडे येत होते. विमानातले दिशा दाखवणारे एक यंत्र नादुरुस्त होते. जमिनीवरून मिळालेल्या सूचनेचा अर्थ लावताना चूक झाली, आणि आपण माँ ब्लाँ ओलांडले अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली घेण्यास सुरुवात केली. शिखर अजून पुढेच होते. ११७ माणसे गेली, आणि त्यांत व्हिएन्नाच्या अणुशक्तीविषयक बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा होते. दोन्ही अपघात एकाच मार्गावर, एकाच थांब्याच्या वाटेवर, एकाच डोंगरावर, सोळा वर्षांच्या आत झाले. मुंबईला ज्या घरांत त्या दिवशी तार आली असेल, त्यांना मार्गावरचा थांबा म्हणजे काय, हे आम्ही सांगावे असे नाही.

१९७१ साली जंबो विमान आले आणि पुढे मध्ये कोठेही न उतरता लंडन गाठता येऊ लागले. १९९१ नंतर सोव्हिएत संघ मोडला, मधले आकाश बरेच मोकळे झाले. आज मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला त्याहून तासभर कमी लागतो. जाणे-येणे सारखे का नाही, असे पुष्कळ लोक विचारतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार प्रवाह वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना समोर. घड्याळाची गंमत आणखी वेगळी. हिवाळ्यात सकाळी सातला मुंबई सोडून दहा तास उडालेला माणूस लंडनला तिथल्या साडेअकराला उतरतो आणि साडेचार तासांत आलो असे सांगतो. परतीच्या प्रवासात हे साडेपाच तास त्याला व्याजासकट नव्हे, पण मुद्दलासह परत करावे लागतात.

घाट संपले असे मात्र नाही. गोलावरचा दोरा पुन्हा पाहा. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद राहिले, आणि २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दोऱ्याचा पहिला तुकडा, कराचीचा, असा गेला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्धामुळे युक्रेनवरचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. क्रिमियापासून पुढचा तुकडा असा गेला. आणि १३ जून २०२५ रोजी इराण-इस्रायल संघर्षात इराणचे आकाश एकाएकी बंद झाले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान सुमारे तीन तास उडून माघारी वळले आणि मुंबईलाच उतरले. त्या प्रवाशांना तीन तासांत किती अंतर काटले असे विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते? १९२७ साली बसऱ्याला अडकलेल्या वैमानिकांना ते उत्तर बरोबर समजले असते.

राहिले एका टपालाचे सांगायचे. ‘कांचनजंगा’ विमानात भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची, राजनैतिक टपालाची एक तागाची थैली होती. ती बर्फात गाडली गेली. माँ ब्लाँच्या उतारावरची बोसाँ ही हिमनदी वर्षाला थोडी थोडी सरकत असते आणि पोटातल्या वस्तू खाली आणून सोडते. ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, ती थैली शामोनीजवळ सापडली. तिच्यात जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रे आणि कॅलेंडरे होती. ती भारताच्या स्वाधीन करण्यात आली. पुन्हा २०२० च्या उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर त्याच हिमनदीखाली काही भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदासाठी निवड झाल्याची बातमी त्यांच्या पहिल्या पानावर होती. बाईंचा शपथविधी २४ जानेवारी १९६६ चा, म्हणजे विमान पडले त्याच दिवशीचा. सापडलेले कागद ओले होते. ज्याला ते मिळाले त्याने ते उन्हात वाळत घातले. अक्षरे वाचता येत होती.